उस्तादांची दोन बोटं

आमच्या ऑफिसातल्या माझ्या टेबलाचे चारही पाय दोन-दोन बोटं आखूड आहेत. नवीन माणूस बसायला आला की त्याचे गुडघे टेबलाला आपटतात आणि तो विचारतो, हे कुणी कापलं? मी सांगतो, उस्तादांनी. मग उस्ताद कोण ते सांगावं लागतं, आणि सांगताना अजूनही माझा आवाज चढतो, असं इथले लोक म्हणतात.

वसंत गवस हे त्यांचं नाव. दोडामार्गकडचे. सैन्यात हत्यारं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते बिरुद ते हवालदार म्हणून निवृत्त होताना सोबत घेऊन आले आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात त्यांनी ते पुढं वीस वर्षं चालवलं. आमची एजन्सी बँकांना आणि दागिन्यांच्या दुकानांना बंदूकधारी गार्ड पुरवते. बंदूक गार्डची स्वतःची असते, परवानाही त्याच्याच नावावर. आम्ही त्याला पारखायचं, शिकवायचं आणि कामावर पाठवायचं. पारखायचं आणि शिकवायचं काम उस्तादांकडे होतं. कागदपत्रं आणि ड्यूटीचा तक्ता माझ्याकडे.

मी जिंतूरचा. वडील अडत बाजारात हमाली करायचे. घरातला मी पहिला पदवीधर. ही नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीत साखर वाटली होती, आणि ती साखर इतकी माझ्या मनात बसली होती की सकाळी नऊला गाळ्याचं शटर मीच उघडायचो. कुठलाही कागद एक दिवससुद्धा उशिरा जाऊ नये, असं मला वाटायचं. उस्तादांच्या हातून कुठलाही कागद वेळेवर गेला नाही. सगळ्या भांडणाचं मूळ एवढंच होतं.

त्यांनी पहिल्याच दिवशी माझी डिग्री विचारली. मी जरा अभिमानानंच बीए सांगितलं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बीए झालो. "ए बीए, पाणी घाल त्या झाडाक." "बीए, खुर्चीत नीट बस." माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नाही.

आमच्याकडे एक छापील फॉर्म होता. शेवटच्या चौकटीत दोन शब्द होते, योग्य आणि अयोग्य. त्यातला एक खोडायचा, खाली सही करायची. उस्ताद दोन्ही खोडायचे आणि वर पेन्सिलीनं लिहायचे, 'बसली' किंवा 'नाही बसली'. बँकेतून फोन यायचे, की साहेब, बसली म्हणजे काय? कोण बसली? मी घसा खाकरून सांगायचो की बसली म्हणजे योग्य. मग योग्य का लिहीत नाही? हाच प्रश्न मी उस्तादांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, "बंदूक योग्यच असता रे. कारखान्यातून योग्य होवनच येता. बसली काय नाय, ता लिहूचा."

बसली की नाही हे ठरवायला त्यांना दोन तास लागत. दुसऱ्या एजन्सीत गार्ड आला, बंदूक दाखवली, पत्ता घेतला आणि ड्यूटीवर गेला. आमच्याकडे आधी गाळ्याच्या भिंतीवरच्या पांढऱ्या ठिपक्यासमोर उभं राहायचं. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकची झाकणं बनत, त्या मशीनचा धप्प धप्प आवाज आणि तापल्या प्लास्टिकचा वास. त्यात हा माणूस शांतपणे सांगायचा, ठिपक्याकडे बघ. डोळे मीट. आता बंदूक खांद्याला लाव. घाई नको. आता डोळे उघड. डोळे उघडल्यावर नळी ठिपक्यावर असली तर ठीक. मान वाकवून, गाल दाबून ठिपका शोधावा लागला तर पुन्हा. "बंदूक माणसाकडे यायला हवी," हे त्यांचं आवडतं वाक्य. "माणसानं बंदुकीच्या मागे मान वाकडी करीत जावचा नाय."

मग दोन बोटं. तर्जनी आणि मधलं बोट जोडून ते गार्डच्या नाकाच्या आणि त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मधल्या फटीत घालायचे. बोटं अलगद मावली तर खांद्याला लागणाऱ्या लाकडी दस्त्याची लांबी बरोबर. सैल पडली तर दस्ता लांब, अडकली तर आखूड. त्या बोटांना बंदुकीच्या तेलाचा वास कायम असायचा आणि प्रत्येक गार्डच्या नाकाला तो माहीत होता. माप ते सुतळीवर गाठी मारून घेत. सुतळीच्या टोकाला कापडाची चिंधी बांधून त्यावर गार्डचं नाव लिहीत, आणि अशा सुतळ्यांनी भरलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या कपाटातली अर्धी जागा अडवून बसला होता. मी दोनदा त्यांना ती मापं कॉम्प्युटरवर टाकून देतो म्हणालो. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर खांद्याला लावून बघता येतो का?

पंप ॲक्शन बंदूक असली तर आणखी एक तास. तिला नळीखाली एक सरकती मूठ असते. डाव्या हातानं ती मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढं ढकलली की नवं आत जातं. तो डावा हात मुठीवर पडला की कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, यावर उस्ताद अडून बसायचे. कोपर सरळ झालं म्हणजे हात संपला, आणि हात संपला की बंदूक खांद्यावरून सुटते. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं.

आणि एक नियम होता. गाळ्यात येणारी प्रत्येक बंदूक उघडी, म्हणजे मूठ मागे ओढलेली, आतलं काडतुसाचं रिकामं घर सगळ्यांना दिसेल अशी. दारात गार्डनं बघितलं, मी बघितलं, तरी उस्ताद स्वतः करंगळी आत घालून बघणार. मूठ पुढे सरकवून बंदूक बंद करायची ती फक्त उस्तादांनी, भिंतीसमोर, स्वतःच्या हातांनी. बाकी कुणी हात लावला तर दिवसभर बोलणी. हा नियम लक्षात ठेवा, कारण मी तो पाळला आणि घोटाळा केला.

त्यांचा हा बसण्याचा रोग बंदुकीपुरता असता तर मी सोसलं असतं. पण जगातली प्रत्येक वस्तू कुणालातरी बसत नाही, असं त्यांचं मत होतं. चहा ते स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातून प्यायचे, कारण टपरीच्या कपाच्या कानात त्यांचं बोट जात नसे. झाडूवाल्या मावशींचा झाडू त्यांनी लांब बांबू लावून उंच करून दिला. मावशी आठ दिवस शिव्या घालत होत्या आणि मग आखूड झाडू मागेनाशा झाल्या. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, उंच पाठीची काळी खुर्ची घेतली. पहिल्याच दिवशी समोर मोठं गिऱ्हाईक बसलेलं असताना उस्ताद केबिनमध्ये गेले, साहेबांच्या खुर्चीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, पाय टेकत नाहीत तुमचे." साहेब उंचीनं कमी. गिऱ्हाइकानं खोकल्याचं नाटक केलं. त्यानंतर आठवडाभर केबिनमधून येणारा प्रत्येक ओरडा माझ्या वाट्याला आला.

टेबलाचं तसंच. मला दिवसभर टायपिंग करून उजवा खांदा दुखायचा. मी कुणाला बोललो नव्हतो, फक्त अधूनमधून मान फिरवायचो. एका सोमवारी आलो तर टेबल बुटकं झालेलं, खाली लाकडाचा भुसा, आणि कापलेले चार तुकडे खिडकीत ओळीनं मांडलेले. रविवारी येऊन त्यांनी करवत चालवली होती. मी खूप चिडलो. कंपनीची वस्तू आहे, साहेब मला विचारतील, तुम्हाला नाही. ते म्हणाले, "बस तर खरा." मी मुद्दाम बसलो नाही. दुपारपर्यंत उभ्यानं काम केलं. नंतर बसावंच लागलं. महिन्याभरात खांदा दुखायचा थांबला, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, ज्याचा मला जास्त राग आला.

सगळ्यात मोठं प्रकरण चपलेचं. शिंदे नावाचा आमचा गार्ड सव्वासहा फूट उंच. बोरिवलीच्या एका दागिन्यांच्या दुकानात त्याची ड्यूटी, आणि त्या दुकानदाराला शिंदे फार आवडायचा. दारात असा माणूस उभा असला की गिऱ्हाइकावर छाप पडते. फक्त शिंदेचा वरचा ओठ वर्षातून एकदा, सरावाच्या दिवशी, सुजायचा. दस्ता त्याला आखूड होता. बार उडाला की त्याचा स्वतःचाच अंगठा नाकाखाली ओठावर बसायचा. उस्तादांनी काय करावं? जुन्या रबरी चपलेचा तळ कापून दस्त्याच्या मागे लावला आणि सायकलच्या ट्यूबनं गुंडाळला. शिंदेचा ओठ त्या वर्षी सुजला नाही. पण दुकानदाराचा फोन आला, की तुमचा माणूस आमच्या शोरूमच्या दारात चप्पल लावलेली बंदूक घेऊन उभा आहे, गिऱ्हाइकं फोटो काढतायत. साहेबांनी मला पाठवलं. मी रिक्षातून जाताना बोलायची वाक्यं घोकत गेलो, पण शिंदेला बघितलं आणि सगळी विसरलो. चप्पल निळी होती. पट्ट्याचं भोकसुद्धा दिसत होतं. मी परत येऊन उस्तादांना सांगितलं, की निदान काळी तरी लावायची. ते म्हणाले, हां, तां बरोबर. आणि दुसऱ्या दिवशी काळी लावली. झालं. एवढ्यावर त्यांच्या दृष्टीनं तक्रार मिटली होती.

आता दीपालीचं सांगतो. ते सांगताना मात्र माझा आवाज चढत नाही.

खरातकाका आमचे जुने गार्ड. मूळचे जालन्याकडचे, आता चारकोपलाच सेक्टरमध्ये राहायचे. एकाच बँकेच्या दारात वीस-बावीस वर्षं उभे राहिलेले, शिंदेइतके नाही तरी चांगले उंच. डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांचं काम सुटलं. त्यांची पंप ॲक्शन बंदूक रीतसर मुलीच्या नावावर झाली. परवाना यायला तिला किती खेटे घालावे लागले ते मला ठाऊक आहे, कारण अर्ज मीच लिहून दिले होते. दीपाली बारावी झालेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक लहान मुलगी पदरात. बँकेनं सांगितलं होतं की बोरिवलीच्या शाखेत महिला गार्ड चालेल, पण त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यासमोर रेंजवर पाच बार मारून दाखवायचे, आणि यादी ठरल्या दिवशी बंद होणार. यादीत तिचं नाव गेलं नाही तर ती जागा दुसऱ्या एजन्सीकडे जाणार होती. दीपालीला दुसरी कुठलीही नोकरी दिसत नव्हती. ती मला दादा म्हणायची आणि दर दोन दिवसांनी विचारायची, दादा, होईल ना?

दीपाली जेमतेम पाच फूट. बापाची बंदूक तिनं खांद्याला लावली तेव्हा उस्तादांची दोन बोटं नाकाजवळ गेली आणि आजूबाजूला तिसरं-चौथं मावेल एवढी जागा उरली. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, नाही बसली. दस्ता कापावा लागेल.

खरातकाका खुर्चीत बसले होते. ते उठले. त्या दस्त्याच्या डाव्या अंगाला त्यांच्या गालानं पॉलिश गेलेलं होतं, तिथं लाकूड चकचकीत झालं होतं. ते म्हणाले, मी वापरली तशीच ती वापरेल, हाताला सवय लागते. उस्तादांनी वाद घातला नाही. त्यांनी दीपालीला चपला काढायला सांगितल्या, त्या काकांच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाले, "घाला, आणि गेटपर्यंत जाऊन येवा."

"थट्टा करता का उस्ताद?"

"सवय लागात. जावा."

काकांची बोटंच तेवढी चपलेत शिरली. टाच बाहेर. ते दोन पावलं चालले आणि थांबले. उस्ताद हळू म्हणाले, "बंदूक तुमची, खांदो तिचो." काकांनी चपला काढून मुलीकडे सरकवल्या आणि म्हणाले, "कापा. पण तुकडा मला द्या."

हे झालं आणि उस्तादांना गावी जावं लागलं. भावकीतली जमीन मोजायला सरकारी माणूस येणार होता आणि त्याची तारीख चुकवून चालणार नव्हतं. जाताना मला बजावलं, की मी येईपर्यंत त्या पोरीच्या बंदुकीला हात लावू नको, माप मी घेणार. चार दिवसांत येतो म्हणाले. सात दिवस झाले. त्यांचा फोन लागेना. यादीची तारीख दहा दिवसांवर आली. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला म्हणत होता की आज आणली तर परवा देतो, नाहीतर पुढं गर्दी आहे. साहेब रोज विचारत होते. मी उस्तादांना शंभर वेळा माप घेताना बघितलं होतं. मी बीए होतो.

दीपालीला ठिपक्यासमोर उभं केलं. डोळे मिटायला लावले. डावा हात मुठीवर ठेवायला सांगितला. मी वाकून बघितलं. कोपर छान वाकलेलं होतं, हात आरामात पोचत होता. नाकाजवळ माझी दोन बोटं घातली. सुतळीला गाठी मारल्या. हात पोचतोच आहे म्हटल्यावर हिशेब निघाला की एक बोटभर कापलं की पुरे. कमीच कापायचंय म्हटल्यावर काकांनाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दस्ता कापून आला. कापलेली चकती काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली.

रेंज शहराबाहेर होती. मीही गेलो होतो. पहिल्याच बाराला दीपालीचा खांदा मागे गेला. दुसऱ्याला बंदूक खांद्यावरून घसरून दंडावर आली. तिसऱ्यानंतर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं पाचही बार मारले. टार्गेटच्या कागदावर कोपऱ्यात थोडी भोकं पडली होती. सुरक्षा अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे अनुत्तीर्ण लिहिलं आणि म्हणाला, बाई, हे काम सगळ्यांना जमत नाही. परतीच्या गाडीत दीपाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. दादा, होईल ना, हे तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. पिशवीत फणसाचे तळलेले गरे, तोंडावर दहा-अकरा दिवसांची दाढी. मी सगळं सांगितलं. त्यांनी दीपालीला बोलावलं, बाही वर करून बघितलं. निळा-काळा वळ खांद्याच्या खोबणीत नव्हता, दंडावर होता. मग त्यांनी माझी सुतळी मागितली, गाठी चाचपल्या आणि विचारलं, माप घेतलं तेव्हा मूठ पुढं होती की मागं?

मागं, मी म्हणालो. तुमचाच नियम आहे. गाळ्यात बंदूक उघडी.

त्यांनी रिकामाच डावा हात पुढं ढकलून दाखवला, आणि माझं मलाच कळलं. मूठ मागे ओढलेली असताना ती माणसाच्या जवळ येते. हात पोचणारच. बार मारायच्या आधी ती पुढे ढकलावी लागते, चार-पाच बोटं लांब जाते, आणि तिथं दीपालीचं कोपर सरळ होऊन हात संपला होता. उस्ताद माप घेण्याआधी मूठ पुढे सरकवायचे. शंभर वेळा बघूनही ते मी बघितलं नव्हतं, कारण त्या वेळी मी बुटक्या टेबलावर बसून त्यांच्या उशिरावर चरफडत असायचो.

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. लिही, म्हणाले. माप मी घेतलं, ते चुकलं, उमेदवाराचा दोष नाही, तिला पुन्हा संधी द्यावी. खाली सही कर.

मी लिहीना. हा कागद साहेबांच्या हातून बँकेत जाणार होता. एजन्सीनं चूक लेखी कबूल करायची म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी म्हणालो, तुम्ही लिहा ना. तुम्ही जुने आहात, तुम्हाला कोण काय करणार. मला काढून टाकतील. आमच्या घरात माझ्या एकट्याची अशी नोकरी आहे.

"माप कोणी घेतला?"

"मी."

"मग? तुझी जाईत म्हणान तिची घालवायची?"

ते आवाज न चढवता बोलले. मला आईची साखर आठवली. मग दीपालीची मुलगी आठवली. ती एकदा गाळ्यात आली होती आणि माझ्या टेबलाखाली जाऊन बसली होती, टेबल बुटकं म्हणून तिला आवडलं होतं. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या दिवशीचं नव्हतं. साहेबांनी कागद वाचला, दार लावून घेतलं आणि मला पाऊण तास जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी कागद त्यांनी स्वतःच बँकेत नेला. अधिकाऱ्यानं यादी बंद व्हायच्या आदल्या दिवसाची वेळ दिली.

चार दिवस होते. उस्तादांनी पहिल्यांदा घाई केली, म्हणजे तीन तासांचं काम एका तासात केलं. मूठ पुढे सरकवून पुन्हा माप घेतलं. दस्ता आणखी एक बोट कापायचा, त्याहून जास्त नाही, नाहीतर शिंदेसारखा ओठ सुजेल. पण तेवढ्यानं हात पोचत नव्हता. उरलेलं अंतर मुठीनंच मागे यायला हवं होतं. उस्तादांनी काकांकडे ती चकती मागितली.

काका वर्तमानपत्र घेऊन आले. उस्तादांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही चकत्या जोडल्या, कानसीनं घासून त्यांना दीपालीच्या तळव्याचा आकार दिला. बंदूक दुरुस्तीवाल्यानं तो तुकडा सरकत्या मुठीला मागच्या बाजूनं पक्का बसवून दिला. मूठ आता दोन बोटं मागे आली. रंग वेगळा दिसत होता. मी म्हणालो, पॉलिश करून घेऊ, नाहीतर बँक पुन्हा फोन करेल. उस्ताद म्हणाले, चप्पल तर नाय ना लावली.

रेंजवर ते दीपालीच्या मागे उभे राहिले. काही शिकवलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "गो बाय, डोळे मीट." तिनं मिटले, बंदूक खांद्याला आणली, उघडले. मी बाजूनं बघत होतो. तिचं कोपर वाकलेलं होतं. पाच बार झाले. अधिकाऱ्यानं कागद मागवला, त्यावर हात फिरवला आणि मान हलवली. दीपालीनं मूठ मागे ओढली, रिकामं घर दाखवलं, बंदूक खाली ठेवली आणि मग दंड चोळायला गेली. दंड दुखत नव्हता. ती हसायला लागली. काकांना लांबचं दिसत नव्हतं, ते सारखे मला विचारत होते, भाऊ, काय झालं, कुठं लागल्या? बँकेच्या फॉर्मवरचे दोन्ही छापील शब्द उस्तादांनी खोडले आणि पेन्सिलीनं लिहिलं, बसली. तो फॉर्म बदलून घ्यायला मला पुन्हा दोन खेपा घालाव्या लागल्या.

पुढं दोन-तीन वर्षांत फॉर्म ऑनलाइन झाले. त्यात पेन्सिल चालत नव्हती आणि खोडताही येत नव्हतं. उस्तादांचे गुडघेही कुरकुरत होते. एका महिनाअखेरीला ते सगळ्यांना सांगून घरी बसले. निरोपाच्या वेळी साहेबांनी शाल दिली. उस्तादांनी ती खांद्यावर घेतली, दोन्ही टोकं बघितली आणि एक बाजू जास्त लोंबते म्हणाले. सुतळ्यांचा डबा माझ्या गळ्यात पडला. तो अजून कपाटात आहे. नवीन गार्डचं माप मी सुतळीवर घेतो आणि मग कॉम्प्युटरवर टाकतो. दोन्ही करावं लागतं, म्हणजे काम दुप्पट.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते बोरिवलीला. मी शाखेच्या तपासणीला गेलो होतो, सकाळची अकराची वेळ. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी उस्ताद उभे, हातात स्वतःचा स्टीलचा पेला. घरून पेला घेऊन आले होते. समोर बँकेच्या दारात दीपाली उभी होती, बंदूक अंगाशी तिरकी धरलेली, डावा हात त्या जोडलेल्या तुकड्यावर. रंगाचा फरक आता कळत नव्हता. तिच्या तळव्यानं तोही भाग तसाच चकचकीत झाला होता. उस्ताद डोळे बारीक करून तिच्या कोपराकडे बघत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, तिका सांगू नको मी आलेलो ता. कधीपासून येता, विचारलं. त्यांनी चहावर फुंकर घातली.

मला वाटलं, आज सांगून टाकावं. टेबलाचं, खांद्याचं, त्या कागदाचं. मी "उस्ताद" म्हणून सुरुवात केली तेवढ्यात त्यांनी पेला टपरीवर ठेवला आणि माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघितलं. "हात वर कर."

भर रस्त्यात मी हात वर केला. त्यांनी पट्टा ओढून आखूड केला, मग पट्ट्याच्या आणि माझ्या खांद्याच्या मध्ये दोन बोटं घातली. तेलाचा वास आता नव्हता. बोटं थोडा वेळ तिथंच राहिली. मग ती काढून घेतली, पेला उचलला, सदऱ्याला पुसला आणि फूटपाथवरून आपल्या वाटेनं निघून गेले.

बसली की नाही बसली, ते सांगितलं नाही. मी हात वर करून तसाच उभा होतो, आणि पलीकडून दीपाली माझ्याकडे बघत होती, की दादाला आज काय झालंय.